ईमेल गेटवेला डिरेक्टरी जोडताना: प्राप्तकर्त्याची पडताळणी पायरीपायरीने

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत कारखाना, सिव्हिल लाइन्समध्ये मुख्य कार्यालय, बुटीबोरीत दुसरे युनिट आणि सगळे मिळून पाचसातशे मेलबॉक्स, अशी एखादी कंपनी डोळ्यांसमोर आणा. बाहेरून येणारा प्रत्येक मेल आधी सिक्युरिटी गेटवेवर उतरतो, तिथे स्पॅम आणि व्हायरसची तपासणी होते आणि मग तो आतल्या मेल सर्व्हरकडे जातो. कंपनीत कोण कोण आहे याची माहिती गेटवेला दिलेली नसेल, तर तो फक्त डोमेन पाहतो आणि कोणत्याही नावाने आलेला मेल आत घेतो. आतला सर्व्हर 'असा कोणी इथे नाही' म्हणतो, पण मेल एकदा स्वीकारलेला असल्यामुळे तो परत पाठवण्याची जबाबदारी गेटवेवर येऊन पडते. स्पॅमवरचा प्रेषकाचा पत्ता बहुधा बनावट असतो. त्यामुळे हे परतीचे मेल भलत्याच माणसांकडे जातात, गेटवेची रांग फुगते आणि आपलाच आयपी पत्ता काळ्या यादीत जाण्याची वेळ येते.

डिरेक्टरी लुकअप, म्हणजे कंपनीतल्या खात्यांच्या आणि पत्त्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीत (डिरेक्टरीत) पत्ता शोधणे, हा त्यावरचा उपाय आहे. एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीतल्या संवादात पाठवणारा सर्व्हर 'आरसीपीटी टू' या आदेशाने प्राप्तकर्त्याचा पत्ता सांगतो. त्याच क्षणी गेटवे एलडॅपवरून (डिरेक्टरीला प्रश्न विचारण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) डिरेक्टरीला विचारतो आणि पत्ता नसेल तर ५५० ५.१.१ हा कोड देऊन दारातच नकार देतो. मेलचा मजकूर अजून आलेलाही नसतो, आणि नकार मूळ प्रेषकाला कळवण्याचे काम पाठवणाऱ्या सर्व्हरकडेच राहते.

मात्र ५५० हा कायमचा नकार आहे. त्यानंतर पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत नाही, आणि मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्या अनेक यंत्रणा असा पत्ता आपल्या यादीतून काढूनच टाकतात. म्हणून 'हा पत्ता नाही' आणि 'हा पत्ता आहे की नाही हे आत्ता कळत नाही' ही दोन उत्तरे कुठेही एकमेकांत मिसळू न देणे, हे या कामातले मुख्य पथ्य आहे. खालची प्रत्येक सेटिंग मी याच कसोटीवर पारखून सांगतो आहे. उदाहरणे ॲक्टिव्ह डिरेक्टरी (मायक्रोसॉफ्टची डिरेक्टरी) आणि एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टचाच मेल सर्व्हर) यांची घेतली आहेत, कारण नागपुरातल्या कार्यालयांत मला बहुतेक वेळा हीच जोडी भेटली. गेटवे कोणत्याही कंपनीचा असला तरी रकान्यांची नावे तेवढी बदलतात.

पत्त्यांची नोंद आधी, कन्सोल नंतर

आपल्याकडे मेल स्वीकारणारे पत्ते किती प्रकारचे आहेत, हे कागदावर उतरवल्याशिवाय गेटवेला हात लावू नये. कर्मचाऱ्यांचे मेलबॉक्स सर्वांना आठवतात. शेअर्ड मेलबॉक्स, बैठकीच्या खोल्यांचे मेलबॉक्स, वितरण गट, मेल असलेले संपर्क, पब्लिक फोल्डर आणि कंपनीचे नाव बदलण्यापूर्वीच्या जुन्या डोमेनवरचे पत्ते मात्र विसरले जातात. शिवाय ईआरपी किंवा हजेरीच्या यंत्रणेसाठी थेट मेल सर्व्हरच्या नियमात तयार केलेले काही पत्ते डिरेक्टरीत कुठेच नसतात. त्यांची वेगळी यादी गेटवेवर हाताने भरावी लागते. पोस्टमास्टर हा पत्ता एसएमटीपीच्या मानकानुसार स्वीकारावाच लागतो, म्हणून तो पडताळणीतून वगळावा. गैरवापराच्या तक्रारींसाठीचा अब्यूज हा पत्ताही त्याच यादीत ठेवावा.

ही नोंद करताना प्रत्येक प्रकारचा एकेक खरा पत्ता बाजूला लिहून ठेवा. पुढे चाचणीसाठी तोच उपयोगी पडतो.

सर्व्हिस अकाउंट

गेटवेला डिरेक्टरीत शिरण्यासाठी स्वतःचे खाते हवे. विंडोज सर्व्हर २००३ पासून ॲक्टिव्ह डिरेक्टरी निनावी शोध मुळातच बंद ठेवते, आणि ते योग्यच आहे. या खात्याला साध्या डोमेन युजरचे अधिकार पुरतात, कारण त्याला फक्त वाचायचे असते. 'नंतर अडचण नको' म्हणून डोमेन ॲडमिनचे खाते दिलेले मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. गेटवे हे इंटरनेटकडे तोंड करून उभे असलेले यंत्र आहे आणि संपूर्ण डोमेनची किल्ली त्याच्यात साठवणे हा मोठा धोका आहे. खाते फक्त गेटवेसाठी ठेवा, त्याने कोणत्याही संगणकावर लॉगिन करता येणार नाही अशी मनाई लावा आणि पासवर्ड लांबलचक द्या. पासवर्डची मुदत संपू द्यायची की नाही हे आपल्या धोरणावर आहे. मुदत ठेवणार असाल, तर ती संपण्याच्या पंधरा दिवस आधीची नोंद एकाहून अधिक जणांच्या कॅलेंडरवर असू द्या.

पोर्ट आणि सर्टिफिकेट

साधे एलडॅप ३८९ पोर्टवर चालते, टीएलएस एन्क्रिप्शनने झाकलेले एलडॅपएस ६३६ वर. ग्लोबल कॅटलॉगसाठी (सर्व डोमेनमधल्या नोंदींच्या एकत्रित यादीसाठी) हीच जोडी अनुक्रमे ३२६८ आणि ३२६९ अशी आहे. ३८९ वर साधे बाइंड (खात्याच्या नाव-पासवर्डाने डिरेक्टरीत शिरणे) केले, तर सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड नेटवर्कवरून उघडा जातो. वायरशार्क हे नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारे साधन लावून बाइंडचे पॅकेट उघडले की पासवर्ड अक्षरशः वाचता येतो. ज्यांना हे पटत नाही त्यांना मी हे प्रत्यक्ष दाखवतो, आणि त्यानंतर वाद उरत नाही. ६३६ किंवा ३२६९ वापरा, किंवा ३८९ वर स्टार्ट टीएलएस सक्तीचे करा.

डोमेन कंट्रोलरच्या (ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरच्या) सर्टिफिकेट स्टोअरमध्ये सर्व्हर ऑथेंटिकेशनसाठीचे योग्य सर्टिफिकेट आले की एलडॅपएस आपोआप सुरू होते. गेटवेवर आपल्या अंतर्गत सर्टिफिकेट ऑथॉरिटीचे रूट सर्टिफिकेट चढवा आणि पडताळणी चालू ठेवा. सर्व्हरच्या रकान्यात आयपी पत्ता न लिहिता सर्टिफिकेटवर असलेले पूर्ण होस्टनेम लिहा, नाहीतर नाव जुळत नाही म्हणून जोडणी तुटते. अशा वेळी घाईत 'सर्टिफिकेट तपासू नका' या खुणेवर क्लिक करण्याचा मोह होतो. तो टाळा आणि गेटवेच्या डीएनएसमध्ये त्या नावाचा आयपी पत्ता मिळतो का, हे पाहा. फायरवॉलमध्ये गेटवेच्या आयपीपासून ठरावीक डोमेन कंट्रोलरच्या ठरावीक पोर्टपर्यंत एवढीच वाट उघडा.

बेस डीएन

डिरेक्टरीच्या झाडात शोध कोणत्या फांदीपासून सुरू करायचा, हे बेस डीएन सांगतो. तो फार खाली ठेवला, उदाहरणार्थ फक्त 'कर्मचारी' या ओयूवर (डिरेक्टरीतल्या उपविभागावर), तर दुसऱ्या ओयूतले गट आणि शेअर्ड मेलबॉक्स दिसत नाहीत. डोमेनच्या मुळाशी ठेवला, तर ३८९ किंवा ६३६ वर उत्तरासोबत इतर विभागांकडे बोट दाखवणारे रेफरल येतात आणि काही गेटवे त्यांचा पाठलाग करण्यात वेळ घालवतात. एकच डोमेन असेल तर मुळाशी बेस ठेवून रेफरल पाळणे बंद करावे. एकाच फॉरेस्टमध्ये (डोमेनच्या समूहात) अनेक डोमेन असतील, तर ग्लोबल कॅटलॉगचे पोर्ट घ्यावे; मेल पत्त्यांसाठी लागणारे ॲट्रिब्यूट (नोंदीतले रकाने) तिथे उपलब्ध असतात.

फिल्टर: सगळा निकाल इथे लागतो

बहुतेक गेटवे 'मेल' या ॲट्रिब्यूटवर शोधणारा तयार फिल्टर (शोधाची अट) देतात. एक्सचेंजमध्ये 'मेल' या रकान्यात फक्त मुख्य पत्ता असतो. उरलेले सर्व पत्ते 'प्रॉक्सीअॅड्रेसेस' या एकाहून अधिक मूल्ये ठेवणाऱ्या ॲट्रिब्यूटमध्ये असतात: मुख्य पत्त्याआधी मोठ्या (कॅपिटल) अक्षरांतले एसएमटीपी आणि अपूर्णविराम (:), बाकीच्यांआधी छोट्या अक्षरांतले एसएमटीपी आणि अपूर्णविराम. शोध घेताना लहानमोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही. म्हणून फिल्टरचे मूळ वाक्य असे ठेवावे: 'प्रॉक्सीअॅड्रेसेस'मधले एखादे मूल्य 'एसएमटीपी:' अधिक आलेला पूर्ण पत्ता याच्याशी तंतोतंत जुळते का.

'तंतोतंत' या शब्दाला इथे महत्त्व आहे. उपसर्ग लिहायचा कंटाळा म्हणून किंवा त्याची कल्पना नसल्यामुळे पत्त्याच्या आधी तारांकन (म्हणजे 'आधी काहीही चालेल') घातलेले फिल्टर मी पाहिले आहेत. समजा, कंपनीत भास्करराव या नावाचा पत्ता आहे. तारांकनाचा फिल्टर असताना कोणी फक्त 'राव' या नावाने मेल पाठवला, तरी भास्करराव या पत्त्याचा शेवट तसाच असल्याने तो पत्ता वैध ठरतो. आपल्याकडच्या राव, बाई, कुमार, दास अशा शेवटांमुळे हा घोळ नेहमी होऊ शकतो. शिवाय सुरुवातीला तारांकन असलेल्या शोधाला नेहमीच्या इंडेक्सचा उपयोग होत नाही आणि सकाळी दहाच्या गर्दीत डोमेन कंट्रोलरवर विनाकारण ताण येतो.

त्यानंतर ऑब्जेक्टचा प्रकार. 'फक्त युजर' अशी अट घातली की वितरण गट, संपर्क आणि पब्लिक फोल्डर बाहेर पडतात. ज्याच्याकडे एसएमटीपी पत्ता आहे तो स्वीकारायचा, मग तो कोणत्याही प्रकारचा असो, हे धोरण मला अधिक सुरक्षित वाटते.

आता ज्या अटीने मला सर्वांत मोठा धडा दिला ती. नोकरी सोडून गेलेल्यांचे मेल थांबावेत म्हणून 'बंद केलेली खाती वगळा' ही अट पुष्कळ जण घालतात. 'युजर-अकाउंट-कंट्रोल' या ॲट्रिब्यूटमधला २ चा बिट लागलेला असेल तर खाते बंद असते, आणि फिल्टरमध्ये ते तपासता येते. पण एक्सचेंजमधले शेअर्ड मेलबॉक्स आणि बैठकीच्या खोल्यांचे मेलबॉक्स हे रचनेनेच बंद खात्यांवर उभे असतात. त्यावर कोणी लॉगिन करायचे नसते, म्हणून खाते बंद ठेवलेले असते. नागपुरातल्या एका शिक्षणसंस्थेत मी स्वतः ही अट लावली, ती जून महिन्यात, ऐन प्रवेशाच्या दिवसांत. प्रवेश चौकशीचा पत्ता शेअर्ड मेलबॉक्स होता. त्या क्षणापासून त्यावर येणाऱ्या प्रत्येक मेलला 'असा पत्ता नाही' हे उत्तर जाऊ लागले. आत काहीच चुकल्यासारखे दिसत नव्हते. मेल कमी आले एवढेच. चौथ्या दिवशी गोंदियाहून एका पालकांचा फोन आला, तेव्हा उलगडा झाला. लॉगमधून नाकारलेल्या प्रेषकांची यादी काढून आम्ही प्रत्येकाला स्वतःहून मेल केला, पण त्या चार दिवसांत किती जणांनी दुसरीकडे अर्ज केला असेल, हा विचार आजही मनातून जात नाही.

तेव्हापासून मी खाते बंद असल्याची अट फिल्टरमध्ये घालत नाही. माणूस सोडून गेला की त्याच्या मेलबॉक्सवरचा पत्ता काढण्याचे किंवा दुसऱ्याकडे वळवण्याचे काम मनुष्यबळ विभागाच्या निर्गमन फॉर्मला जोडून देतो. अट घालणे अपरिहार्यच असेल, तर 'एमएस-एक्सच-रेसिपियंट-टाइप-डिटेल्स' हे ॲट्रिब्यूट सोबत तपासून ४, १६ आणि ३२ ही मूल्ये वाचवावीत. ती अनुक्रमे शेअर्ड, खोली आणि उपकरण यांच्या मेलबॉक्सची आहेत. मेलबॉक्स क्लाउडवर गेलेले असतील तर ही मूल्ये बदलतात, हे ध्यानात असू द्या.

एक अट मात्र जरूर घालावी. 'सर्व कर्मचारी' यांसारखे वितरण गट केवळ आतल्या प्रेषकांसाठी असतात, आणि एक्सचेंजमध्ये नवा वितरण गट सुरुवातीला तसाच तयार होतो. बाहेरून आलेला मेल गेटवेने स्वीकारला आणि आतल्या सर्व्हरने परवानगी नाही म्हणून नाकारला, तर परतीच्या मेलचा तोच जुना प्रश्न उभा राहतो. 'एमएस-एक्सच-रिक्वायर-ऑथ-टू-सेंड-टू' हे ॲट्रिब्यूट 'ट्रू' असलेले ऑब्जेक्ट नकारात्मक अटीने वगळावेत. ही पडताळणी आत येणाऱ्या मेलच्या मार्गावरच लावायची. बाहेर जाणाऱ्या मार्गावर लावली तर बाहेरचा प्रत्येक पत्ता 'नाही' ठरेल.

पत्त्यात कंस, तारांकन किंवा उलटी तिरपी रेघ आली, तर गेटवेने ती फिल्टरमध्ये बदलून पाठवली पाहिजे, अन्यथा फिल्टरचा अर्थच बदलतो. तसेच नावापुढे अधिकचे चिन्ह लावून लिहिलेले पत्ते आपला मेल सर्व्हर स्वीकारत असेल, तर शोधापूर्वी अधिकच्या चिन्हापासूनचा भाग छाटण्याची सोय गेटवेत आहे का, ते पाहा.

चाचणी

गेटवेवरचे 'टेस्ट' बटण दाबून हिरवी खूण आली म्हणजे काम झाले, असे मानू नका. ती खूण बहुतेकदा जोडणी आणि बाइंड जमल्याचे सांगते, फिल्टर बरोबर असल्याचे नव्हे. सुरुवातीला लिहून ठेवलेले सर्व प्रकारचे पत्ते एकेक करून विचारा. त्याबरोबर मुद्दाम चुकीचे पत्तेही विचारा: एक पूर्ण काल्पनिक, एक खऱ्या पत्त्याचा फक्त शेवटचा तुकडा, आणि एक आतल्यांपुरता असलेला गट. पहिल्या यादीतले सगळे 'आहे' आणि दुसऱ्या यादीतले सगळे 'नाही' आले पाहिजेत. शेवटी बाहेरच्या यंत्रावरून २५ पोर्टवर टेलनेट करून 'आरसीपीटी टू' पर्यंतचा संवाद स्वतः टंकून पाहा, कारण बाहेरच्या जगाला मिळणारे उत्तर तेच असते.

डिरेक्टरी उत्तर देत नाही तेव्हा

प्रत्येक गेटवेत एक सेटिंग असते: डिरेक्टरीशी संपर्क झाला नाही तर काय करायचे. मेल स्वीकारायचा, तात्पुरता नकार द्यायचा, की कायमचा नकार द्यायचा. तिसरा पर्याय कधीही निवडू नये. एका कार्यालयात मे महिन्यातल्या रात्री सर्व्हर रूमचा एसी बंद पडला. नागपूरचा मे, त्यात दारे बंद असलेली खोली. पहाटेपर्यंत दोन्ही डोमेन कंट्रोलर तापून बंद पडले. गेटवे दुसऱ्या ठिकाणी असल्यामुळे चालूच होता, आणि उत्तर न मिळणे म्हणजे पत्ता नसणे असे त्याला शिकवलेले होते. सकाळी कार्यालय उघडेपर्यंत आलेला प्रत्येक मेल त्याने ५५० देऊन परतवला. धोक्याची सूचनाही मेलनेच जाणार होती, त्यामुळे ती कोणापर्यंत पोहोचली नाही.

योग्य उत्तर ४५१ हे आहे, म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या'. एसएमटीपीचे मानक सांगते की पाठवणाऱ्या सर्व्हरने हार मानण्याआधी किमान चार ते पाच दिवस प्रयत्न करत राहावे, म्हणून डिरेक्टरी रात्रभर बंद असली तरी मेल हरवत नाही, फक्त उशिरा येतो. ज्या ठिकाणी तासाभराचा उशीरही चालत नाही, उदाहरणार्थ रुग्णालय, तिथे त्या काळापुरते सर्व स्वीकारण्याचा पर्याय घ्यावा आणि नंतरचे थोडे परतीचे मेल सोसावेत.

किमान दोन डोमेन कंट्रोलर नोंदवा, आणि ते एकाच खोलीत ठेवू नका. वरच्या कार्यालयाने दुसरा कंट्रोलर बुटीबोरीला हलवला. जोडणीची कालमर्यादा पाचदहा सेकंदांची असू द्या, म्हणजे पहिला सर्व्हर गप्प असला तर गेटवे लवकर दुसऱ्याकडे वळेल. सूचना मेलबरोबरच एसएमएसने जाईल अशी व्यवस्था करा.

कॅशेचाही, म्हणजे मिळालेली उत्तरे काही काळ जपून ठेवण्याचाही, इथेच विचार करावा. 'आहे' हे उत्तर ९०० सेकंद जपून ठेवायला हरकत नाही. 'नाही' हे उत्तर मात्र एकदोन मिनिटांपेक्षा जास्त जपू नये, कारण नवा कर्मचारी रुजू झाला, खाते उघडण्याच्या जरा आधी कोणी त्याला मेल केला, आणि ते 'नाही' तासभर साठून राहिले, तर त्याच्या नावाचे सगळे मेल त्या तासात परत जातात.

क्लाउडवरचे गेटवे बहुधा दर मेलला विचारत नाहीत. ते ठरावीक वेळाने सर्व पत्त्यांची यादी ओढून घेतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरी एका पानात मूळ सेटिंगनुसार १००० नोंदीच देते. यादी पानापानाने मागण्याची सोय गेटवेत चालू नसेल, तर हजाराच्या पुढचे पत्ते यादीत येतच नाहीत आणि ते सगळे 'नाही' ठरतात. म्हणून पहिल्या सिंकनंतर आकडा मोजा, आणि यादी अचानक आक्रसली तर नवी यादी लागू न करण्याची मर्यादा असल्यास ती लावा. एन्ट्रा आयडी (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची डिरेक्टरी) स्वतः एलडॅप बोलत नाही, त्यासाठी एन्ट्रा डोमेन सर्व्हिसेस घ्यावी लागते किंवा गेटवेची स्वतःची एपीआय जोडणी वापरावी लागते.

बाकीचे लुकअप

गटानुसार धोरण लावायचे असेल, तर 'मेंबर-ऑफ' हे ॲट्रिब्यूट फक्त थेट सदस्यत्व दाखवते. गटातल्या गटाचे सदस्य हवे असतील तर १.२.८४०.११३५५६.१.४.१९४१ हा जुळणीचा नियम फिल्टरमध्ये लिहावा लागतो. तो महाग शोध आहे, जपून वापरावा. क्वारंटाइनमध्ये (अडवलेले मेल ठेवण्याच्या जागेत) लॉगिन करण्यासाठीचा लुकअप वेगळा ठेवावा. तिथे बंद खाती वगळणे योग्यच आहे.

पडताळणी चालू झाली की आपले दार प्रत्येक नावाला 'आहे' किंवा 'नाही' सांगू लागते, आणि नावे रेटून खरे पत्ते गोळा करणारे त्याचा फायदा घेतात. एका आयपीकडून तासाला पंचवीसेक चुकीचे पत्ते आले की जोडणी तोडण्याची मर्यादा त्याच दिवशी लावा.

एरर कोड वाचताना

४९ म्हणजे बाइंड नाकारले गेले. ॲक्टिव्ह डिरेक्टरी सोबत एक उपकोड देते. ५२ई असेल तर पासवर्ड चुकला, ५२५ असेल तर खाते सापडत नाही, ५३२ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, ५३३ म्हणजे खाते बंद, ७७५ म्हणजे खाते कुलूपबंद. ३२ आला तर बेस डीएन चुकला आहे. ८ म्हणजे सर्व्हर अधिक सुरक्षित जोडणी मागतो आहे, टीएलएसशिवाय ३८९ वर जाऊ नका. १० हा रेफरल, आणि ४ म्हणजे उत्तराची मर्यादा ओलांडली.

चालू करताना

शक्य असेल तर आठवडाभर फक्त नोंद ठेवणाऱ्या अवस्थेत चालवा, म्हणजे नकार लॉगमध्ये दिसतील पण मेल अडणार नाही. रोज संध्याकाळी ती यादी माणसाने डोळ्यांनी वाचावी. प्रत्यक्ष नकार सुरू करण्यासाठी कमी वर्दळीचा दिवस निवडा. आम्ही एकदा नागपुरातल्या मारबत सणाच्या सुटीचा दिवस घेतला होता आणि हाताशी पुरेसा वेळ मिळाला. पुढचे किमान चार सोमवार नाकारलेल्या पत्त्यांपैकी वारंवार आलेले पत्ते वेगळे काढा. त्यात बहुतेक कचरा असतो, पण एखाद्या निवृत्त लेखापालाच्या नावाने अजूनही बिले पाठवणारा पुरवठादार त्यातच सापडतो, आणि तो जुना पत्ता त्याच दिवशी लेखा विभागाच्या मेलबॉक्सला जोडून द्यावा लागतो.